दीव सहलीच्या रिव्ह्यूला उत्तर: नायडाला ‘लेणी’ म्हटलं, ती चूक माझी

ताई, नमस्कार.

आमच्या दीव-सोमनाथ सहलीबद्दल तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. एक स्टार दिलात त्याची तक्रार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पत्रकात दीवच्या नायडा गुहांना ‘नायडा लेणी’ छापलं होतं, प्रत्यक्षात तिथं ना मूर्ती, ना शिलालेख, ना माहितीची धड पाटी, “नुसती दगडातली भोकं”. वीस मिनिटांत घाई करून बाहेर काढलं. आई शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. बरोबरच्या मुलानं “पोर्तुगीज इथं लपायचे” एवढंच सांगितलं. आणि शेवटचं वाक्य, “याच्यापेक्षा आपली पांडवलेणी शंभरपट बरी, तीही घरापासून रिक्षाच्या अंतरावर.”

आधी आईंचं. त्या पडल्या तेव्हा आमचा टूर लीडर वर गाडीपाशी हॉटेलशी फोनवर बोलत होता. एवढ्या ज्येष्ठ मंडळींना घेऊन तो खाली उतरायलाच हवा होता. हाजिऱ्याहून घोघ्याला जाणारी फेरीबोट त्या दिवशी उशिरा सुटली, पुढे सगळंच वेळापत्रक ढासळलं, हे खरं आहे. पण त्याचा भुर्दंड तुमच्या आईंच्या पायानं का सोसायचा? उशीर झाला तर एखादं ठिकाण सरळ रद्द करावं, सगळी ठिकाणं अर्धी अर्धी उरकू नयेत. आम्ही उरकलं. त्याबद्दल मी मनापासून माफी मागते.

आता ‘लेणी’ या शब्दाबद्दल. तो पत्रकात मीच घातला. ‘गुहा’ लिहिलं तर कुणाला ओढ वाटणार नाही, असं तेव्हा वाटलं होतं. नाशिकच्या माणसासमोर ‘लेणी’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे काय येतं, याचा विचार मी करायला हवा होता. मी स्वतः पाथर्डी फाट्याजवळ वाढले. पांडवलेणीच्या त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या शाळेत असताना किती वेळा चढले असेन, गणती नाही. तिथं भिंतीच बोलतात. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचा, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम कोरून ठेवलाय. दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाच्या जावयानं, उषवदातानं, भिक्षूंसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (संघांकडे) ३००० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे: २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १००० वर शेकडा पाऊण. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या प्राकृतातला ‘पाऊण’ आपण आजही भाजीवाल्याशी बोलताना वापरतो. हे ज्यानं पाहिलंय, त्याला नायडात ‘लेणी’ शोधायला पाठवणं ही फसवणूकच झाली. हेतू तसा नव्हता, पण परिणाम तोच.

मात्र “नुसती दगडातली भोकं” हे मला मान्य करता येत नाही. तुमच्यावर राग म्हणून नाही. ते तुम्हाला तसं दिसलं, कारण आम्ही काही सांगितलंच नाही.

नायडा ही मुळात दगडाची खाण. पोर्तुगीजांनी किल्ल्यासाठी आणि शहराच्या बांधकामासाठी इथून दगड काढला, असं तिथं पिढ्यान् पिढ्या सांगतात. आपला सह्याद्रीचा काळा दगड कठीण, त्याला छिन्नी घालायची म्हणजे घाम निघतो. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा दगड चुनखडीचा, मऊ, फिकट पिवळसर. तो चौकोनी ठोकळ्यांत कापून निघतो. म्हणून तिथं भिंती अशा सरळ उभ्या कापलेल्या दिसतात, मध्येच पायऱ्यांसारखे टप्पे राहिलेत, आणि एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं जाता येतं. पुढच्या वेळी (पुढची वेळ आलीच तर) एका टप्प्याच्या कडेवर हात ठेवून बघा. ती कड वाऱ्यापावसानं झालेली नाही, तिथून एक अख्खा ठोकळा उचललेला आहे. वरच्या उघड्या भागातून ऊन तिरपं खाली येतं, त्यात झाडांची मुळं लोंबताना दिसतात, आणि कापलेल्या त्या कडा एकेक उजळत जातात. हे वीस मिनिटांत दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायलाच थोडा वेळ जातो.

लेण्यात जे कोरून उरलं ते बघायचं असतं, खाणीत जे काढून नेलं ते. आणि ते काढून नेलेलं तुम्ही दुसऱ्या दिवशी पाहिलंत, दीवचा किल्ला. हुमायूनच्या स्वारीनं अडचणीत आलेल्या गुजरातच्या बहादूरशहानं १५३५ मध्ये पोर्तुगीजांना तिथं किल्ला बांधू दिला. दोन वर्षांत, १५३७ मध्ये, तो दीवच्याच समुद्रात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत मेला. १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे त्या किल्ल्यानं सोसले, पहिल्या वेढ्यात तर तुर्कांचं आरमार आलं होतं. एवढ्या मारानंतर पुन्हा पुन्हा डागडुजी करायची तर दगड जवळच हवा. आणि तिथली पोर्तुगीज सत्ता संपली ती १९ डिसेंबर १९६१ ला. सव्वाचारशे वर्षं! तुमच्या आईंच्या वयाच्या तिथल्या माणसांनी पोर्तुगीज अंमल स्वतः पाहिलाय.

हे सगळं आम्ही तुम्हाला गाडीतच सांगायला हवं होतं. “लपायचे” ही गोष्ट स्थानिक मुलानं ऐकलेली सांगितली. त्याला बोल लावत नाही. माहिती सांगण्याचे पैसे तुम्ही आम्हाला दिले होते.

नाश्ता थंड होता हे बरोबर. ते हॉटेल बदललंय. बसच्या सीटबद्दल लिहिलंत, तीही दुरुस्त करून घेतली.

पत्रकात आता ‘नायडा: पोर्तुगीजकालीन दगडखाण’ असं छापलंय. किल्ला आधी, नायडा नंतर, म्हणजे खंदक आणि तटबंदीचा दगड डोळ्यांत ताजा असतानाच खाली उतरता येईल. तिथं किमान एक तास. आमची दोन माणसं बरोबर, एक पुढे आणि एक सगळ्यात मागे. पाऊस नुकताच होऊन गेला असेल तर गुडघ्याचा त्रास असलेल्यांना आतल्या पायऱ्यांवर न्यायचं नाही. तोंडाजवळच्या सपाट जागेतूनही पुष्कळ दिसतं. चपला घालून आलेल्यांना आदल्या रात्रीच बुटांची आठवण करायची.

तुम्हा दोघींचे त्या दिवसाचे पैसे आणि आईंच्या औषधपाण्याचा खर्च परत करायचा आहे. ऑफिसमधून दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत. रागात असाल, ते साहजिक आहे. पैशांचं सवडीनं बघू. आईंच्या पायाची सूज उतरली का, एवढं मात्र एका ओळीत कळवा.