‘थांबा, हायड्रोजन येतोय’ या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात कराडच्या दादाने इलेक्ट्रिक गाडीचं बुकिंग रद्द केलं. का, म्हणून विचारलं तर त्याने एक मेसेज पुढे केला. तुमच्याकडेही तो आला असेल, मला सहा-सात ठिकाणांहून आलाय. मजकूर थोडक्यात असा: ‘इलेक्ट्रिक गाडी घेऊन फसू नका. बॅटरी पाच वर्षांत जाते आणि नवी बॅटरी गाडीच्या किमतीत पडते. वीज शेवटी कोळशाचीच, म्हणजे प्रदूषण पेट्रोलपेक्षा जास्त. उन्हाळ्यात पेट घेते, लांब जाता येत नाही, विकायला काढली तर कोणी घेत नाही. दोन वर्षांत हायड्रोजनच्या गाड्या येताहेत. खुद्द गडकरीसाहेब हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत गेले, किलोमीटरला दोन रुपये खर्च. तोवर पेट्रोलच बरं.’

दादा साताऱ्याच्या एका कॉलेजात शिकवतो. जाऊन-येऊन रोजचे शंभर किलोमीटर. आता पेट्रोलची गाडी घेतली की पुढची दहा वर्षं तो तीच चालवणार. मेसेज पुढे ढकलणाऱ्याचं काही जात नाही, दादाच्या खिशातून मात्र दर महिन्याला पैसे जाणार. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय. मी स्वतः पुण्यात चार वर्षं इलेक्ट्रिक गाडी चालवतो. तिच्या उणिवाही सांगेन. त्या लपवल्या तर बाकीच्या बोलण्यावर कोणी का विश्वास ठेवावा?

सुरुवात हायड्रोजनपासून करतो, कारण दादाचा पाय मागे आला तो त्याच वाक्याने.

गडकरी मार्च २०२२ मध्ये टोयोटा मिराई या गाडीतून संसदेत गेले, हे खरं आहे. ती गाडी प्रायोगिक प्रकल्पासाठी आणली होती. किलोमीटरला दोन रुपये हा आकडाही तेव्हाच चर्चेत आला. तो आकडा आपणच तपासू. मिराई एक किलो हायड्रोजनवर साधारण १०० किलोमीटर जाते, नीट चालवली तर थोडी जास्त. म्हणजे दोन रुपये किलोमीटर पडायचे तर हायड्रोजन २०० रुपये किलोने मिळायला हवा. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन वेगळा करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. पाच रुपये युनिट धरली तरी नुसत्या विजेचेच अडीचशे झाले. त्यात यंत्रसामग्री नाही, वाहतूक नाही, पंपचालकाचा नफा नाही, कर नाही. शिवाय हा वायू गाडीच्या टाकीत ७०० बार दाबाने, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे सातशे पटीने, भरावा लागतो, आणि तेवढा दाब आणायला आणखी काही युनिट जातात.

या मेसेजमधली खरी चूक इथे आहे. हायड्रोजन म्हणजे जणू जमिनीतून काढायचं इंधन, असं त्यात गृहीत धरलंय. पाण्यापासून केलेला हायड्रोजन म्हणजे वीज साठवायची एक पद्धत. हायड्रोजनची गाडीसुद्धा इलेक्ट्रिकच असते: टाकीतल्या वायूपासून गाडीतच वीज तयार होते आणि त्या विजेवर मोटर फिरते. मिराईत तर छोटी बॅटरीही आहे. आता हिशोब समोरासमोर ठेवा. ५५-६० युनिट विजेपासून हायड्रोजन करून गाडीत भरला तर ती १०० किलोमीटर जाते. तेवढीच वीज माझ्या गाडीच्या बॅटरीत थेट भरली, चार्जिंगमधली गळती वजा केली, तर साडेतीनशे किलोमीटरच्या वर जाते. हा फरक उद्या एखाद्या शोधाने पुसला जाईल असाही नाही. वीज, मग वायू, मग दाब, मग पुन्हा वीज, या प्रत्येक टप्प्याला ऊर्जा गळते.

‘दोन वर्षांत येतोय’ म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियाकडे बघावं. मिराई २०१४ च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आली आणि पुढच्याच वर्षी तिकडे पोचली. सरकारने पंपांना पैसे दिले, कंपनीने ग्राहकाला १५ हजार डॉलरपर्यंतचं इंधन फुकट दिलं. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल या तेल कंपनीने तिथले मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद केले, आणि उरलेल्या पंपांवर भाव किलोला ३६ डॉलरपर्यंत चढला. मिराईच्या टाक्यांत ५.६ किलो बसतो, म्हणजे टाकी फुल करायला दोनशे डॉलर. दहा वर्षांत जगभर मिराई विकल्या गेल्या तीस हजारांच्या आत. बॅटरीवरच्या मोटारी २०२४ या एकाच वर्षात एक कोटीच्या वर गेल्या. जुलै २०२५ मध्ये जीप, फियाट बनवणाऱ्या स्टेलँटिसने हायड्रोजनचा कार्यक्रम गुंडाळला. पैसा, सरकार, ग्राहक, सगळं असलेल्या ठिकाणी ही गत असेल तर कराडच्या माणसाने हायड्रोजन पंपाची वाट बघत थांबावं, असं त्याला कोणी सांगू नये.

हायड्रोजन वाईट आहे, असं माझं म्हणणं नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन (म्हणजे स्वच्छ विजेवर केलेला हायड्रोजन) अभियान मंजूर केलं, आणि ते योग्यच झालं. अलिबागजवळ थळला खताचा कारखाना आहे. तिथे युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन लागतो आणि तो आज नैसर्गिक वायूपासून काढतात. रिफायनऱ्यांतही तेच. पोलाद करताना कोळशाऐवजी हायड्रोजन वापरता येतो. या कामांना बॅटरी चालणारच नाही. हरित हायड्रोजनचा पहिला किलो तिथे जायला हवा. घरच्या सॉकेटवर चालू शकणाऱ्या मोटारीत तो घालणं म्हणजे हातचं चांगलं साधन भलतीकडे वापरणं.

‘बॅटरी पाच वर्षांत जाते.’ आपल्याकडच्या बहुतेक इलेक्ट्रिक मोटारींच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी असते. पाच वर्षांत बॅटऱ्या जात असत्या तर कंपन्यांचं दिवाळं निघालं असतं. माझी बॅटरी ३० युनिटची. चार वर्षांनी, ३४ हजार किलोमीटरनंतर, सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा मी मुद्दाम बॅटरीच्या तब्येतीचं रीडिंग मागून घेतलं: ९४ टक्के. म्हणजे नवी असताना २१० किलोमीटर जायची ती आता दोनशेच्या आत-बाहेर जाते. बॅटरी मोबाईलसारखी एके दिवशी बसत नाही, ती हळूहळू उतरते. मोबाईलची तुलना इथे लागूच पडत नाही, कारण मोबाईलच्या बॅटरीला थंड ठेवायची सोय नसते आणि ती रोज तळापर्यंत वापरली जाते.

किमतीचं म्हणाल तर ब्लूमबर्गच्या पाहणीत २०१० साली बॅटरी पॅकचा भाव किलोवॅट-तासाला, म्हणजे एका युनिटला, हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये तो ११५ डॉलरवर आला. त्या हिशोबाने माझा पॅक घाऊक भावात तीन लाखांच्या आसपास बसतो. सुट्या भागाचा भाव याहून बराच जास्त लागतो, हे मान्य. वॉरंटी संपल्यावर पूर्ण पॅक बदलायची वेळ आली तर तो खर्च मोठाच आहे. पण ती वेळ पाचव्या वर्षी येत नाही, आणि बऱ्याचदा पॅकमधला बिघडलेला एक भाग (मॉड्यूल) बदलून भागतं.

कोळशाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. देशातली सुमारे तीन-चतुर्थांश वीज आजही कोळशापासून येते. स्थापित क्षमतेत बिगरजीवाश्म (सौर, पवन, जल, अणु) वाटा निम्म्यावर गेलाय, पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष निर्मिती वेगळी. तर आकडे मांडू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांनुसार एका युनिटमागे ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. माझ्या गाडीला १०० किलोमीटरला मीटरवर साडेपंधरा युनिट पडतात. तारांमधली गळती धरून हे झाले साधारण १३ किलो. पेट्रोल गाडी १६ चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर तिला सव्वासहा लिटर लागतं. लिटरमागे २.३ किलो, म्हणजे नुसत्या सायलेन्सरमधून १४ किलोच्या वर. कच्चं तेल काढणं, जहाजाने आणणं, रिफायनरी, हे धरलं की १७-१८. तेव्हा ‘पेट्रोलपेक्षा जास्त’ हे खोटं आहे. पण फरक चार-पाच किलोंचाच आहे, आणि बॅटरी बनवतानाच दोन-तीन टन कार्बन निघालेला असतो. तो फिटायला पन्नास-साठ हजार किलोमीटर लागतात. दादा दोन वर्षांत तेवढं चालवतो. मी वर्षाला आठ-साडेआठ हजारच चालवतो, मला सहा-सात वर्षं लागतील. थोडंच फिरणाऱ्या माणसाने पर्यावरणासाठी चालती गाडी मोडीत काढून नवी इलेक्ट्रिक घेऊ नये, असं मी उघडच सांगतो. मात्र वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी आजची इलेक्ट्रिक गाडीही स्वच्छ होत जाते. पेट्रोल गाडी दहाव्या वर्षी आहे त्याहून वाईटच होते. आणि इलेक्ट्रिक गाडी शाळेच्या फाटकापाशी रांगेत उभी असताना तिथल्या मुलांच्या नाकात धूर जात नाही, हे कोणत्याही हिशोबात न धरलेलं वेगळं.

हाच निकष हायड्रोजनला लावा. आजच्या विजेवर केलेला हायड्रोजन १०० किलोमीटरला ४० किलोच्या वर कार्बन सोडेल. पेट्रोलच्या दुपटीहून अधिक. कोळशाच्या विजेची एवढी काळजी असलेल्या मेसेजने त्याच विजेच्या चौपट युनिट खाणाऱ्या गाडीची शिफारस करावी, हे पटण्यासारखं नाही.

आगीची भीती मी हसण्यावारी नेत नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला स्कूटर पेटली तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. स्वीडनच्या आपत्ती यंत्रणेने २०२२ चे आकडे मोजले: सुमारे ६ लाख इलेक्ट्रिक आणि प्लग-इन हायब्रिड (चार्जिंग आणि इंधन दोन्हीवर चालणाऱ्या) गाड्यांत २३ आगी, ४४ लाख इंधनाच्या गाड्यांत ३,४०० च्या आसपास. इलेक्ट्रिक गाड्या तुलनेने नव्या आहेत, हे लक्षात घेतलं तरी फरक फार मोठा आहे. मात्र बॅटरीची आग एकदा लागली की विझायला खूप पाणी आणि वेळ लागतो, विझल्यावर पुन्हा पेटू शकते. म्हणून साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नका. १५ अँपिअरचा वेगळा सॉकेट, जाड वायर, चांगलं अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी, एवढं वायरमनकडून करून घ्याच. आणि हायड्रोजनही निर्धोक नाही: जून २०१९ मध्ये नॉर्वेत ऑस्लोजवळच्या हायड्रोजन पंपावर स्फोट झाला होता.

लांबच्या प्रवासाचं गाऱ्हाणं मात्र खरं आहे. कागदावर तीनशेच्या वर सांगितलेली माझी गाडी रस्त्यावर दोनशे जाते. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरला जाताना वाटेत लागोपाठ दोन चार्जर बंद मिळाले. एसी बंद करून मुलांना घेऊन तिसऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा स्क्रीनवर ९ टक्के होते आणि बायको गप्प बसली होती. तेव्हापासून १५ टक्क्यांच्या खाली मी उतरू देत नाही आणि पुढचा चार्जर चालू आहे का, ते निघण्याआधी ॲपवर बघतो. घाटात वेगळाच अनुभव येतो. खोपोलीहून लोणावळ्याला चढताना टक्के भराभर पडतात. परतताना त्याच घाटात पाय उचलला की मोटर उलट वीज भरते, आणि खाली पोचेपर्यंत दोन-एक टक्के वाढलेले असतात. उतारावर पेट्रोलचा काटा वर चढलेला मी तरी पाहिला नाही.

विक्रीचंही खरं आहे: जुन्या इलेक्ट्रिक गाडीला आज पेट्रोलच्या मानाने भाव कमी येतो. आणि ज्याची गाडी पेठेतल्या रस्त्यावर मिळेल तिथे उभी राहते, ज्याला घरी किंवा कामाच्या ठिकाणी सॉकेट नाही, त्याने ही गाडी सध्या घेऊ नये. आमच्या सोसायटीत पार्किंगपर्यंत वायर ओढायची परवानगी मिळवायला मला पाच महिने लागले. सोसायटीची मीटिंग होऊन परवानगी हातात येईपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नका.

राहिले पैसे. दादाचे महिन्याला २,५०० किलोमीटर. लिटरला १०४ रुपये आणि १६ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर पेट्रोलला सव्वासोळा हजार. इलेक्ट्रिकला ३९० युनिट. ते घरच्या बिलात मिळाले की वरचा स्लॅब लागतो, सरासरी १६ रुपये धरले तरी सव्वासहा हजार. दहा हजारांचा फरक. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला २४ रुपये मोजले तरी पेट्रोलच्या मानाने जवळजवळ सात हजार वाचतात. या हिशोबात ऑइल, क्लच, टायमिंग बेल्ट मी धरलेलेच नाहीत.

हे सगळं परवा फोनवर दादाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग वहिनींचा आवाज आला, ‘भावजी, पण पोर्चमधल्या सॉकेटवर खरंच होईल का हो?’ पंधरा युनिट भरायला साधारण सहा तास लागतात, रात्री दहाला लावली की पहाटे चारपर्यंत होते. पण ऐकून कसं पटावं? पुणे-कराड १६० किलोमीटर, एका चार्जिंगमध्ये मी येतो. रविवारी गाडी घेऊन निघतोय. रात्री ती वहिनींच्याच हाताने पोर्चमध्ये लावायची, सोमवारी दादाने ती साताऱ्याला न्यायची, आणि मी त्याच्या स्कूटरवर कराडच्या बाजारात जाणार आहे. वायरमनला शनिवारीच अर्थिंग बघायला सांगितलंय.