‘नुसता डबा’ म्हणणाऱ्यांना

नमस्कार. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पैदाशीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "लेखिका भावुक झाली आहे. अंतःप्रजनित जातीत सगळं जनुकांवर ठरतं, पिंजरा म्हणजे नुसता डबा." (अंतःप्रजनित म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात जुळवून जवळपास एकसारखी जनुकं असलेली जात.)

आधी माझी चूक. गर्भकाळ मी सरसकट २१ दिवस लिहिला होता, तो १९ ते २१ असतो. दुरुस्त केलंय, आभार.

पण भावुक? मी अकरा वर्षं पैदाशीच्या खोलीत काढली आहेत. संध्याकाळी सात पिल्लं मोजून ठेवायची आणि सकाळी झाकण उघडल्यावर दोनच दिसायची, हे मी रजिस्टरमध्ये आकड्यांत लिहीत आले. रडत बसले नाही. मुद्दा खोडायचा सोडून लिहिणाऱ्याच्या स्वभावावर बोट ठेवणं मला असभ्य वाटतं, आणि ते इथं स्पष्ट सांगते.

आता डब्याबद्दल. खोलीचं तापमान २०–२४ अंश ठेवतात ते अंगात कोट घालून काम करणाऱ्या माणसांच्या सोयीनं. उंदराला तिशीच्या आसपास बरं वाटतं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या अंगावर केस नसतात, ऊब धरता येत नाही. पिंजऱ्यात आठ-दहा ग्रॅम कागदाच्या पट्ट्या टाका, मादी रात्रीत घुमटासारखं घरटं बांधते. आमच्याकडे जात तीच, खाद्य तेच, फक्त पट्ट्या आल्या आणि दूध तुटेपर्यंत जगणारी पिल्लं वाढली.

एकदा वरच्या मजल्यावर आठवडाभर भिंती फोडत होते. त्या दिवसांत व्यायलेल्या माद्यांनी पिल्लं टाकली. "या जातीच्या आया वाईटच," असं वरिष्ठ म्हणाले, अगदी तुमच्यासारखंच. त्याच माद्या शांत खोलीत हलवल्या आणि पुढचं वेत त्यांनी नीट वाढवलं. जनुकं आठवड्यात बदलतात का?

माझ्यावर विश्वास नसेल तर अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ पॅट्रिशिया हंट यांचं काम पाहा. १९९८ साली त्यांच्या प्रयोगशाळेत चुकून तीव्र अल्कधर्मी साबणानं पिंजरे आणि बाटल्या धुतल्या गेल्या. प्लास्टिक झिजलं, त्यातून बिस्फेनॉल ए हे प्लास्टिक बनवायला वापरलेलं रसायन झिरपलं. एरवी एक-दोन टक्के अंडपेशींत दिसणारा गुणसूत्रं रांगेत न येण्याचा दोष ४० टक्क्यांवर गेला. ज्यांना काहीच द्यायचं नव्हतं अशा, तुलनेसाठी ठेवलेल्या निरोगी माद्यांत! २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बदलला होता फक्त डबा. (शेजारच्या अनोळखी नराच्या वासानं नुकतीच गाभण राहिलेली मादी गर्भ गमावते, हे तर ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्येच दाखवलं.)

जातीजातींत फरक असतोच, मी कुठं नाकारलाय? माझ्या नोंदींत तुलनेचा गट नव्हता, संख्या लहान होती, या तुमच्या बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही. माझा लेख हा शोधनिबंध नव्हता.

माझ्या रजिस्टरमधल्या त्या आठवड्याच्या नोंदी हव्या असतील तर आनंदानं देईन. ‘भावुक’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा.