घाटाखालचे पाणी

आमच्या पुण्याच्या कचेरीत परदेशातून चार सहकारी आले आणि शनिवार-रविवारी त्यांना ‘काहीतरी वेगळे’ दाखवण्याची जबाबदारी माझ्यावर पडली, कारण बैठकीत हा विषय निघाला तेव्हा मी मान खाली घालून चिक्कीला चिकटलेला कागद सोडवत होतो. सिंहगड त्यांनी स्वतःच उरकला होता. तेव्हा कोलाडला तंबूत मुक्काम आणि सकाळी कुंडलिका नदीत राफ्टिंग, असा बेत ठरला. मला पोहता येत नाही, ही गोष्ट घरच्यांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती.

ताम्हिणी घाटाच्या वाटेवर मुळशीचा जलाशय लागतो. तेथे गाडी थांबवून मी यजमानाच्या थाटात माहिती पुरवली. मुळा नदीचे हे पाणी खरे तर भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचे. परंतु १९२० च्या दशकात धरण बांधून ते पश्चिमेला वळवण्यात आले, आणि आता ते सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरते, तेथे वीज निर्माण करते आणि मग कुंडलिकेत सोडले जाते. नेदरलँड्सच्या साठीतल्या बाईंनी जमिनी कोणाच्या गेल्या, असे विचारले, तेव्हा मला सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रहही सांगावा लागला. थोडक्यात, हे पाणी माझ्याप्रमाणेच स्वखुशीने कोकणात निघालेले नव्हते.

रात्री दोन वाजता, माणसाला तंबूबाहेर जाण्याची निकड असते नेमक्या त्याच वेळी, माझ्या तंबूची चेन कापडाच्या घडीत अडकली. मी हलक्या आवाजात शेजारच्या जर्मन गृहस्थांना हाक मारली. त्यांनी बाहेरून टॉर्च लावला, परिस्थितीची शांतपणे पाहणी केली आणि खिशातले ओठांना लावायचे मलम चेनच्या दातांवर घासून मला मोकळे केले. अतिथी देवो भव म्हणतात, त्याचा प्रत्यय यजमानाला यावा तो असा.

सकाळी पोहे खाऊन नदीवर गेलो, तर पात्रात घोटाभर पाणी आणि बाकी सगळे दगड. ब्राझीलच्या दोन तरुणांनी नदी कुठे आहे, अशी सौम्य चौकशी केली. वरून पाणी सुटल्यावर ती येईल, हे मी समजावून सांगत असताना, आज वीजनिर्मिती बंद राहावी, अशी प्रार्थनाही मनात चालली होती. पण पाणी आलेच. मला मिळालेले हेल्मेट आधीच ओले होते, त्यावरून माझ्याआधीचा माणूस निदान परत आला असावा, एवढा धीर मी करून घेतला.

आमचा गाइड नेपाळचा निघाला. म्हणजे त्या तराफ्यात आंतरराष्ट्रीय नसलेला मी एकटाच होतो. त्याने ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’ वगैरे हुकूम सर्वांना इंग्रजीत शिकवले आणि मला मात्र स्वच्छ मराठीत बजावले, “काका, पडलात तर उभं राहायचं नाही. उताणं व्हायचं आणि पाय वर.” ‘काका’ या शब्दाचा निषेध नोंदवण्याच्या विचारात मी होतो, तेवढ्यात पहिली उसळी आली आणि माझ्या बुडाखालचा तराफा निघून गेला.

पाण्यात पडताच मी जी एक गोष्ट करायची नव्हती तीच केली, म्हणजे उभा राहू लागलो. गुडघा दगडावर आपटला. “काका, पाय!” असे मराठीत, पाठोपाठ आणखी तीन भाषांत काहीतरी ऐकू आले, आणि मग नेदरलँड्सच्या आजीबाईंनी माझ्या लाइफ जॅकेटचे दोन्ही खांदे धरून, बाजारात पोते चढवावे तसे मला तराफ्यात ओढून घेतले. त्यांचा देश बराचसा समुद्रसपाटीखाली आहे, हे मी शाळेत पाठ केले होते. त्याचा असा उपयोग होईल, असे वाटले नव्हते. उरलेला प्रवास मी तराफ्याच्या तळाशी बसून, देशाचे प्रतिनिधित्व करत पार पाडला.

परतताना मुळशीला पुन्हा गाडी थांबली. पाहुणे जलाशयाचे फोटो काढायला उतरले. मी ओल्या बुटांत जागच्या जागी बसून राहिलो. घाटाखाली गेलेले पाणी सहसा परत येत नाही. त्या दिवशी वाटीभर तरी आले होते.