भीती वाटली म्हणजे विश्वास कमी असं थोडीच आहे
एका लेखात म्हटलंय की देवावर खरा विश्वास असला की भीती वाटतच नाही, हे काय पटलं नाही बुवा. बायबलमधलं स्तोत्र ५६ बघा, दावीद (पुढे इस्राएलचा राजा झाला तो) गथ शहरात त्याच्या शत्रूंच्या, म्हणजे पलिष्ट्यांच्या हाती सापडलेला, तो देवाला सरळ म्हणतो मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, म्हणजे भीती होतीच ना! २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथे बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी घरात शिरलं, लाइट गेलेली, त्यात मगरी रस्त्यावर आल्याचे व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ, आई जिन्यात बसून हेच वचन पुटपुटत होती आणि हात थरथरत होते तिचे. तरी खालच्या काकूंना धरून वर आणलं ते तिनेच, मी आपला मोबाइलचा टॉर्च घेऊन उभा..