खड्ड्याचं गोत्र

आमच्या फाटकासमोर एक खड्डा आहे. पावसात तो भरला की नऊची एसटी डुबकन त्यात उतरते आणि पडवीत वाळत घातलेले कपडे दुसऱ्यांदा विसळून काढते. परवा बायकोने निर्वाणीचं सांगितलं, "तक्रार तरी करा, नाहीतर कपडे तुम्ही धुवा."

तक्रार सोपी वाटली.

कार्यालयातल्या साहेबांनी खड्ड्याची लांबी-रुंदी काही विचारली नाही. "रस्ता कोणत्या दर्जाचा?"

"अगदीच हलक्या."

"तसं नव्हे हो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. यातला कोणता?"

मी आजवर दोनच प्रकार मानत आलो होतो: कंबर मोडणारे आणि टोल घेऊन कंबर मोडणारे. ही उतरंड म्हणे १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले तेव्हा लागली. तिच्यावर आता द्रुतगती मार्ग येऊन बसलाय. मुंबई-पुण्याच्या त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी, म्हणून माझ्या स्कूटरच्या लेखी तो स्वर्गासारखा. आहे असं ऐकतो. समृद्धीवर मात्र मेहुण्याच्या गाडीतून गेलो. एकूण ७०१ किलोमीटर. त्यातले दोनशे झाले तरी एक म्हैस आडवी आली नाही. मेहुणा पेंगायला लागला, तेव्हा त्याला जागं ठेवायला मला त्याच्या लग्नातल्या मानपानाचा विषय काढावा लागला.

तर आमचा रस्ता. तो पूर्वी 'सतरा नंबर', मुंबई-गोवा. २०१० साली देशभरचे आकडे बदलले, दक्षिणोत्तर जाणाऱ्यांना सम आणि पूर्व-पश्चिमवाल्यांना विषम, आणि आमचा सहासष्ट झाला. तात्या अजून सतराच म्हणतात. मग चौपदरीकरणात बायपास गावाबाहेरून गेला. जाताना नंबर घेऊन गेला, खड्डे ठेवून गेला.

"म्हणजे तो आता महामार्ग नाही," साहेब म्हणाले.

"मग कोणाचा?"

"वर्ग व्हायचाय. कागद पुढे गेलाय."

"मीच जांभ्याचे चार तुकडे टाकतो."

"सरकारी रस्त्याला हात लावायचा नाही!" खड्डा कुणाचा ते ठाऊक नाही, पण माझा नाही, एवढं नक्की झालं. साहेबांना थोडी दया आली असावी. "मैलाचा दगड बघून या. डोकं पिवळं तर राष्ट्रीय, हिरवं तर राज्य, शेंदरी तर ग्रामीण."

दगड तिठ्यावर पिंपळाखाली सापडला. डोकं शेंदरीच होतं. शिवाय दोन डोळे, जास्वंदीचं फूल आणि पुढ्यात विझलेली उदबत्ती. मी इमानदारीत फोटो नेऊन दाखवला. साहेबांनी चष्मा वर केला. "शेंदरी. ग्रामीण. ग्रामपंचायतीत जा."

ग्रामसेवक हसले. "अहो, दिवसाला चौदा एसट्या जातात, ही काय पाणंद आहे?"

शेवटी काल संध्याकाळी रॉकेलचा बोळा घेऊन मी तिठ्यावर गेलो. म्हटलं, शेंदराखाली मूळचा रंग असेलच. उकिडवा बसून हात पुढे केला तोच मागून शेजारच्या काकींचा आवाज आला. "नवस बोलताय होय?"

मी बोळा खिशात घातला. "हो. खड्ड्यासाठी."

"मग नारळ फोडा. गेल्या साली बोलले होते, आठ दिवसांत नळाला पाणी आलं."

फोडला. खोबरं डब्यात घालून ठेवलंय, सोमवारी साहेबांना नेऊन देईन.