काकूंची स्ट्रिप आणि 'लघवीची गोळी बंद करा' हा फॉरवर्ड

मागच्या आठवड्यात एक काकू आमच्या औषधांच्या दुकानात आल्या, पर्समधून अर्धी वापरलेली स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली. "ही परत घ्या हो. हिनं हार्ट बंद पडतं म्हणे." स्ट्रिप मिराबेग्रॉन ५० ची होती. सारखी लघवीची घाई, बाथरूमपर्यंत पोचेस्तोवर धीर न धरवणं, यासाठी देतात ती.

मोबाइलवरचा मेसेज थोडक्यात असा: लघवीच्या गोळ्यांनी हृदय बंद पडतं, असं एक औषध मागे घेतलं, तीच जात आजही विकतात, बीपीवाल्यांनी आजच थांबवा, पाणी कमी प्या, त्रास आपोआप जाईल.

पहिल्याच शब्दाची मला धास्ती वाटते. 'लघवीची गोळी' आपल्याकडे दोन उलट कामांच्या गोळ्यांना म्हणतात. एक लघवी धरून ठेवायला मदत करते. दुसरी फ्युरोसेमाइडसारखी, लघवी जास्त करवणारी. हृदय कमजोर असलेल्यांच्या अंगातलं जादा पाणी ती काढते. मेसेज वाचून कुणा आजोबांनी ही दुसरी थांबवली तर पायावर सूज, मग छातीत पाणी, मग दम, आणि शेवटी अ‍ॅडमिट. म्हणजे हृदय वाचवायच्या नादात हृदयाचीच गोळी बंद!

औषध मागे घेतलं हे खरं आहे. त्याचं नाव टेरोडिलिन, वर्ष १९९१. मुळात ते छातीत दुखण्यावरचं, म्हणजे अंजायनाचं औषध. मूत्राशयासाठी त्याचा वापर नंतर सुरू झाला. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचे खालचे कप्पे पुन्हा 'चार्ज' होतात. त्या वेळेचा अंदाज ईसीजीवर 'क्यूटी' या अंतरावरून येतो. टेरोडिलिननं ते लांबायचं आणि काहींचे ठोके जीवघेणे बिघडले. 'तीच जात' मात्र चूक. मिराबेग्रॉनचा मार्गच वेगळा. टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन या लघवी धरायच्या गोळ्या टेरोडिलिनच्या जवळच्या, आणि त्यांच्यासाठी क्यूटीबाबत सावधगिरी सांगितलेली असतेच, विशेषतः जास्त डोसला. क्यूटी आधीच लांब असेल किंवा फ्युरोसेमाइडनं पोटॅशियम उतरलं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावं. मध्येच खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू झालं तरीही. टॉल्टेरोडिनच्या गटातल्या गोळ्या नाडीवरचा नैसर्गिक ब्रेक थोडा सैल करतात, त्यामुळे काहींना धडधड जाणवते. रोजची तक्रार मात्र कोरडं तोंड आणि बद्धकोष्ठतेची असते, आणि वयस्कर माणसांत गोंधळल्यासारखं होण्याची. त्याबद्दल फॉरवर्डात अवाक्षर नाही.

आता बीपी. मिराबेग्रॉननं बीपी वाढू शकतं, त्यात लपवालपवी काही नाही. चाचण्यांत रुग्णांमधली सरासरी वाढ एखाद्या पॉइंटच्या आसपास होती. निरोगी माणसांवरच्या चाचण्यांत वरचा आकडा साडेतीनेक पॉइंटनी वाढला. एखाद्याचं याहून जास्तही वाढू शकतं, म्हणून गोळी सुरू करण्याआधी आणि नंतरही अधूनमधून मोजायचं. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० वा त्याहून जास्त असेल आणि ताब्यात येत नसेल, तर ही गोळी द्यायचीच नाही. बीपी 'असणं' आणि बीपी 'ताब्यात नसणं' यांतला फरक मेसेजवाल्यानं खाऊन टाकला.

आणि जे सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं. यकृतातलं जे एन्झाइम मेटोप्रोलॉल निकामी करतं, त्याला मिराबेग्रॉन अडवतं. मेटोप्रोलॉल म्हणजे कितीतरी जणांची रोजची बीपीची किंवा हृदयाची गोळी. ती रक्तात साठते आणि नाडी मंदावू शकते. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाचं प्रमाणही वाढतं, म्हणून ते सोबत सुरू करायचं तर कमीत कमी डोसनं. बीपीचे डॉक्टर एक, लघवीचे दुसरे, आणि दोन चिठ्ठ्या एकमेकींना कधी भेटतच नाहीत, असं आमच्या काउंटरवर रोज दिसतं.

पाणी तोडण्याचं म्हणाल तर लघवी गडद होऊन मूत्राशयाला उलट जास्त टोचते. तोडायचाच असेल तर संध्याकाळचा तिसरा चहा तोडा.

काकूंना खुर्ची दिली. पाच मिनिटांनी मशीनवर बीपी १३८/८४. त्याला नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. नाडी मात्र ५२. "हल्ली जिना चढताना गळून जायला होतं," असं त्या आपणहून बोलल्या. पिशवीतून दुसरी स्ट्रिप निघाली, मेटोप्रोलॉलची. त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावून दिला. त्यांनी ईसीजी काढून घेतला आणि मेटोप्रोलॉल निम्मं केलं. मिराबेग्रॉनची स्ट्रिप काकूंच्या पर्समध्ये परत गेली. तसंही उघडलेली स्ट्रिप आम्ही परत घेत नाही.