वॉर्ड ख्रिस्तेन्सेन यांचा मोडेम प्रोग्राम: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मोडेम या जोडयंत्राच्या साहाय्याने फोनवरून एका संगणकातून दुसऱ्या संगणकात फाइल पाठवणारा प्रोग्राम लिहून तो फुकट वाटणाऱ्या वॉर्ड ख्रिस्तेन्सेन यांच्यावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. आपले आक्षेप तीन आहेत. ख्रिस्तेन्सेन आयबीएममध्ये पगारी नोकरीत असल्यामुळे प्रोग्राम फुकट वाटणे त्यांना परवडत होते आणि त्याला ‘त्याग’ म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मोबदला मिळाला पाहिजे ही बिल गेट्स यांची बाजू मी दडवली. आणि एक्समोडेम, म्हणजे या प्रोग्रामची फाइल पाठवण्याची रीत, हे मुळातच कच्चे काम होते.

पहिला आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. ‘त्याग’ हा शब्द मी लेखातून काढून टाकला आहे.

दुसऱ्याबाबत मात्र मतभेद आहे. गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी संगणकधारकांना लिहिलेल्या खुल्या पत्रात म्हटले होते की, अल्टेअर हा घरगुती संगणक घेणाऱ्यांपैकी १० टक्क्यांहून कमी लोकांनी त्यावर चालणारी, गेट्स यांच्या कंपनीची बेसिक ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा विकत घेतली असून, रॉयल्टीचा हिशेब केला तर त्या कामाचे मोल तासाला २ डॉलरही पडत नाही. ही तक्रार रास्त होती, असे मलाही वाटते. पण बेसिक हे एकट्याने वापरायचे साधन होते. शेजाऱ्याकडे ते असो वा नसो, आपले काम अडत नसे. मोडेम प्रोग्रामचे तसे नाही. फोनच्या दुसऱ्या टोकाला तीच रीत पाळणारा प्रोग्राम चालू नसेल, तर आपल्याकडचा प्रोग्राम कितीही उत्तम असला तरी कुचकामी ठरतो. अशा वस्तूला किंमत लावली असती, तर विकत घेणाऱ्याच्याही हाती फारसे काही लागले नसते. ऑगस्ट १९७७ मध्ये लिहिलेला हा प्रोग्राम आपण लगेच सर्वांसाठी खुला केला, केवळ म्हणूनच तो प्रमाण ठरला, असे ख्रिस्तेन्सेन यांनी स्वतःच पुढे नमूद केले आहे. त्यामुळे मी त्याला औदार्य म्हणण्यापेक्षा अचूक व्यवहारज्ञान म्हणेन, आणि मूळ लेखात हेच नीट मांडायला हवे होते.

आता कच्चेपणाविषयी. ही आपण ठेवलेली नावे त्यांना मान्यच झाली असती, कारण गरजेपुरते घाईने जुळवलेले काम असेच ते त्याचे वर्णन करत. पद्धत अशी होती: फाइलचे १२८ बाइटचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याआधी सुरुवातीची खूण, तुकड्याचा क्रमांक आणि त्याच क्रमांकाचा पूरक आकडा (२५५ वजा क्रमांक) पाठवायचा, शेवटी तुकड्यातल्या सर्व बाइटांची, हातचा सोडून दिलेली, एका बाइटात मावणारी बेरीज जोडायची. एकूण १३२ बाइट. त्या काळच्या ३०० बॉडच्या मोडेमवरून सेकंदाला सुमारे ३० बाइट जात, म्हणजे एका तुकड्याला साडेचार सेकंदांच्या आसपास वेळ लागे. बेरीज जुळली की पलीकडून होकाराचा एक बाइट येई, नाही जुळली तर नकाराचा, आणि मग तोच तुकडा पुन्हा पाठवला जाई. यातली उणीव उघड आहे: दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते आणि चूक सुटून जाते. शिवाय फाइल १२८ च्या पटीत नसेल तर शेवटच्या तुकड्यात भर घालावी लागे. (सीपी/एम ही त्या काळच्या छोट्या संगणकांची कार्यप्रणाली फाइलची लांबी १२८ बाइटांच्या पटीतच धरत असल्याने तेव्हा हे कोणाला खुपले नसावे.)

परंतु मूळ प्रोग्राम लोकांच्या हाती असल्यामुळेच ही उणीव इतरांना भरून काढता आली. पुढे बेरजेच्या जागी १६ बिटांची सीआरसी ही अधिक कडक तपासणी आली, आणि चक फोर्सबर्ग यांनी याच पायावर वायमोडेम आणि नंतर झेडमोडेम या फाइल पाठवण्याच्या सुधारित रीती रचल्या. लेखात हा भाग एका ओळीत उरकला होता. उणिवांचा वेगळा परिच्छेद आता जोडला आहे. त्यातही काही खटकल्यास अवश्य कळवावे.